मुतखडा पुन्हा का होतो आणि तो टाळायचा कसा: कामांचा योग्य क्रम

खडा पडून गेला किंवा दुर्बिणीने काढला, की घरात लगेच दोन गोष्टी बंद होतात: टोमॅटो आणि दूध. सकाळी उपाशीपोटी तांब्याभर पाणी सुरू होतं. शेजारून पानफुटीची कुंडी येते. दोन महिन्यांत पाणी पुन्हा पूर्वीइतकंच होतं, पानफुटी तेवढी फोफावते, आणि काही वर्षांनी सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पुन्हा '६ एमएम' लिहून येतं.

काहीच उपाय केला नाही तर पहिल्या खड्यानंतरच्या दहा वर्षांत साधारण निम्म्या लोकांना दुसरा खडा होतो. ऑपरेशनने खडा जातो. तो ज्या लघवीत तयार झाला ती लघवी मात्र तशीच राहते. पाक जास्त आटला की साखर खाली बसते, तसे लघवी दाट झाली की क्षार खाली बसतात. पुन्हा खडा होऊ नये म्हणून बदलायची आहे ती लघवी.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. खडा कशाचा होता हे कळायच्या आतच पथ्य सुरू होतं. प्यायलेलं पाणी सगळे मोजतात, झालेली लघवी कुणी मोजत नाही. म्हणून खालची कामं लिहिली आहेत त्याच क्रमाने करा.

थांबा: आत्ता कळ उठलेली असेल आणि सोबत थंडी वाजून ताप येत असेल, लघवी बंद झाली असेल, उलट्या थांबत नसतील, एकच मूत्रपिंड असेल किंवा गरोदरपण असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटलला जा. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतं. पाणी पिऊन तो खडा ढकलायचा प्रयत्न करू नका.

## १. खडा नवा आहे की जुनाच उरलेला, ते आधी ठरवा

'पुन्हा झाला' असं वाटणारे बरेच खडे पुन्हा झालेले नसतात. बाहेरून लहरी देऊन किंवा लेसरने खडा फोडला, की बारीक तुकडे मागे राहू शकतात. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातले तुकडे सहज बाहेर पडत नाहीत. त्यांच्यावर नवे क्षार बसत जातात आणि वर्ष-दोन वर्षांत तो पुन्हा पुरेसा मोठा खडा होतो.

म्हणून सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एका कागदावर तीन रकाने पाडा: बाजू, जागा, आकार. पूर्वीचा खडा उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या भागात होता आणि आताचाही तिथेच आहे, तर तो उरलेला तुकडा असण्याची शक्यता मोठी. डावीकडे, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे दिसला तर तो नवा.

सोनोग्राफीतल्या आकाराला फार चिकटून राहू नका. मशीन बदललं, डॉक्टर बदलले की एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच. ४ चा ६ झाला म्हणून खडा वाढलाच असं नाही. शंका असेल तर औषध न टोचता केलेला, कमी किरणांचा सीटी स्कॅन खात्रीचा. तो करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. साध्या एक्स-रेमध्ये युरिक अ‍ॅसिडचा खडा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे स्वच्छ आहे' यावर समाधान मानू नका.

सावधान: ऑपरेशनच्या वेळी आत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवली आहे का आणि ती कधी काढायची, हे डिस्चार्ज कार्डवर आजच पाहा. दुखणं थांबलं म्हणून माणसं ती विसरतात. काही महिन्यांत तिच्यावरच क्षार जमायला लागतात, आणि पाच मिनिटांत निघणाऱ्या नळीसाठी मोठं ऑपरेशन करावं लागू शकतं.

## २. खडा पकडा आणि तपासायला द्या

सगळ्यांत जास्त वगळलं जाणारं काम हेच. ऑपरेशननंतर डबीत घालून दिलेला खडा नातेवाइकांना दाखवला जातो आणि मग कपाटात जपून ठेवला जातो. तपासायला कुणी देत नाही. तुमच्या कपाटात अशी डबी असेल तर काढा. कोरडा ठेवलेला जुना खडाही तपासता येतो.

खडा आपोआप पडणार असेल तर बारीक जाळीची एक गाळणी त्याच कामासाठी वेगळी ठेवा. प्रत्येक लघवी भांड्यात करून गाळा. कळ थांबली की लगेच गाळणं सोडू नका. खडा मूत्राशयात उतरला की कळ थांबते. बाहेर पडायला त्याला आणखी काही दिवस लागू शकतात. मिळालेला कण साध्या पाण्याने धुवा, कागदावर वाळवा, कोरड्या डबीत ठेवा. स्पिरिटमध्ये बुडवू नका, चिकटपट्टी लावू नका. मोहरीएवढा कणही पुरतो.

ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सांगून ठेवा: तुकडे मला हवेत, तपासायला द्यायचे आहेत. लॅबमध्ये विचारताना 'एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांच्या) पद्धतीने खड्याची तपासणी' असं विचारा. रसायनं टाकून करायच्या जुन्या पद्धतीत मिश्र खडे नीट ओळखू येत नाहीत.

रिपोर्टमध्ये साधारण यांपैकी काहीतरी येईल:

- कॅल्शियम ऑक्झलेट: सर्वांत जास्त आढळणारा. दहापैकी सात-आठ खडे याच जातीचे. ऑक्झलेट हा काही भाज्या आणि दाण्यांतून येणारा, शरीरातही थोडा बनणारा क्षार.
- कॅल्शियम फॉस्फेट: लघवी फार अल्कधर्मी राहिली की होतो.
- युरिक अ‍ॅसिड: लघवी सतत आम्लधर्मी राहिली की होतो. मधुमेह, लठ्ठपणा, गाऊट असलेल्यांत जास्त.
- स्ट्रुव्हाइट: जंतुसंसर्गाचा खडा. पथ्याचा याच्याशी संबंध नाही.
- सिस्टीन: दुर्मीळ, आनुवंशिक, बहुधा तरुणपणीच सुरू होणारा.

खडा मिळालाच नाही तरी पुढची कामं थांबवू नका. अंदाज तपासण्यांवरून बांधता येतो, फक्त तो अंदाजच राहतो.

## ३. रक्त आणि साधी लघवी

रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं काम करतंय हे यावरून कळतं), कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक अ‍ॅसिड, सोडियम-पोटॅशियम आणि साखर. लघवीत साधी तपासणी, आणि संसर्गाची शंका असेल तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी.

यांतला एक आकडा आवर्जून पाहा: रक्तातलं कॅल्शियम. ते वरच्या मर्यादेच्या पुढे किंवा अगदी काठावर असेल तर पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, तपासायला हवं. गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तर कितीही पाणी प्या, खडे होत राहतात. ती ग्रंथी काढली की मूळ कारणच जातं. वर्षानुवर्षं खडे फोडून घेणाऱ्या काही जणांचं हे निदान केवळ एक साधी रक्ततपासणी राहिल्यामुळे लांबतं.

आणखी एक यादी डॉक्टरांना द्या: चालू असलेली सगळी औषधं, पावडरी, गोळ्या. फिट्स आणि मायग्रेनसाठी दिलं जाणारं टोपिरामेट खडे वाढवू शकतं. व्हिटॅमिन सीच्या रोज हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांचं शरीरात काही प्रमाणात ऑक्झलेट होतं. व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची साप्ताहिक पुडी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते आणि वर्षभर चालू राहते, तीही सांगा. पोट लहान करण्याचं ऑपरेशन, जुना अतिसार, आतड्यांचा दाह हेही सांगायचं, कारण त्यांत ऑक्झलेट जास्त शोषलं जातं.

## ४. चोवीस तासांची लघवी

पहिलाच छोटा खडा आणि बाकी काहीच धोका नाही, तर डॉक्टर ही तपासणी टाळू शकतात. पण दुसऱ्यांदा झाला, दोन्हीकडे आहेत, लहान मूल आहे, घरात बऱ्याच जणांना आहे किंवा एकच मूत्रपिंड आहे, तर ती करावीच.

कळ, ऑपरेशन किंवा संसर्ग यांनंतर साधारण सहा आठवडे जाऊ द्या. नेहमीचं खाणं-पिणं सुरू असलेला दिवस निवडा. उपवासाचा, लग्नाचा किंवा प्रवासाचा नको. पाळी सुरू असताना नको. आणि त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका. तुमचा खरा दिवस पकडायचा आहे, चांगला रिपोर्ट मिळवायचा नाही.

1. लॅबमधून मोठा कॅन आणा. त्यात आम्ल घातलेलं आहे का ते विचारा. असेल तर थेट कॅनमध्ये लघवी करू नका, मगात धरून ओता. शिंतोडा अंगावर पडला तर भाजतं.
2. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या. वेळ लिहा, समजा ६:३०.
3. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये. रात्रीचीही.
4. दुसऱ्या दिवशी सकाळी ६:३० ची लघवी कॅनमध्ये घ्या. इथे संपलं.
5. कॅन थंड जागी ठेवा आणि त्याच सकाळी लॅबमध्ये द्या.

लघवी निसटते ती ठरावीक जागी: आंघोळ करताना, आणि शौचाला बसल्यावर. दोन्ही वेळा आधी मगात लघवी करून घ्या. कामावर जाणार असाल तर झाकणाची बाटली सोबत न्या. संकोच वाटत असेल तर सुट्टीचा दिवस चालेल, पण उन्हात काम करणाऱ्याने घरी बसून केलेली तपासणी फसवी येते.

लॅबला नावं घेऊन सांगा: एकूण लघवी, पीएच (लघवी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक अ‍ॅसिड, सायट्रेट (खड्यांना अटकाव करणारं द्रव्य), सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. सायट्रेट आणि ऑक्झलेट बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतात.

पडताळणी: रिपोर्टमधलं एकूण क्रिएटिनिन पाहा. ते स्नायूंतून येतं आणि रोज जवळपास तेवढंच लघवीत उतरतं, म्हणून त्यावरून लघवी पूर्ण गोळा झाली का ते कळतं. पुरुषांत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १५ ते २०. म्हणजे ६० किलोच्या पुरुषात १२०० ते १५०० मिलिग्रॅम. ते ६०० आलं असेल तर अर्धी लघवी निसटली आहे, आणि मग बाकीचे सगळे आकडे निरुपयोगी. उतारवयात आणि स्नायू कमी असलेल्यांत हा आकडा थोडा कमी धरा.

## ५. पाणी: पिण्याचं नव्हे, लघवीचं माप ठेवा

आता खरं काम सुरू होतं, आणि सगळ्या जातींच्या खड्यांना लागू पडणारं हे एकच. १९९६ साली इटलीतल्या एका अभ्यासात पहिला खडा झालेल्यांचे दोन गट केले. एकाला भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांत पहिल्या गटात सुमारे १२ टक्क्यांना, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. बाकी कुठल्या औषधाशिवाय.

ध्येय आहे दिवसाला किमान अडीच लिटर लघवी. त्यासाठी पाणी किती, याचं सगळ्यांना एकच उत्तर नाही. महाबळेश्वरात बसून काम करणाऱ्याला तीन लिटर पुरेल. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, जळगावला उन्हात काम करणाऱ्याला पाच लिटरही कमी पडू शकतं, कारण निम्मं घामातून जातं. आखाती देशांत साइटवर काम करणाऱ्या आपल्या लोकांचंही तेच. म्हणून 'मी चार लिटर पितो' या वाक्याला काही अर्थ नाही.

माप असलेला एक लिटरचा प्लास्टिकचा मग घ्या. एक दिवस कामाचा आणि एक दिवस सुट्टीचा, असे दोन दिवस लघवी मोजा. दीड लिटर आली तर रोजच्या पिण्यात एक लिटर वाढवा, आठवड्याने पुन्हा मोजा. उन्हाळा लागला की पुन्हा एकदा. थंडीतही एकदा, कारण तेव्हा तहानच लागत नाही.

दुसरी चूक वेळेची. सकाळी एका दमात लिटरभर पाणी प्यायलं तर दोन तासांत ते निघून जातं आणि दुपारपासून लघवी पुन्हा पिवळी. पाणी दिवसभर वाटून प्या. दोन वेळा विशेष सांभाळा: जेवणानंतरचे दोन-तीन तास, आणि रात्र. लघवी सर्वांत दाट होते ती झोपेत. झोपताना एक पेला, आणि रात्री लघवीला उठलात तर पुन्हा अर्धा-एक पेला. 'मग रात्री उठावं लागतं' ही तक्रार खरी आहे; एकदा उठणं हे इथे औषधच आहे असं धरा.

आणि लोक पाणी का पीत नाहीत, हेही बोलायला हवं. एसटी आणि ट्रक चालवणारे, रिक्षावाले, बँकेच्या काउंटरवर बसणारे, शाळेतल्या शिक्षिका, बाजारात भाजी विकणाऱ्या बायका: यांना पाण्याचं महत्त्व माहीत नसतं असं नाही, लघवीला जायला जागा किंवा सवड नसते. अशांनी घरी पोहोचल्यावर रात्रीपर्यंत आणि पहाटे उठल्यावर जास्तीत जास्त भरपाई करावी, आणि कामाच्या वेळेत जिथे स्वच्छतागृह नक्की मिळतं त्याच्या तासभर आधी प्यावं. पूर्ण उपाय नाही, पण काहीच न पिण्यापेक्षा बरा.

बोअरचं पाणी जड असतं म्हणून खडे होतात, हा आपल्याकडचा ठाम समज. पाण्यातल्या क्षारांपेक्षा पाणी किती पिता याचं वजन कितीतरी जास्त आहे. आरओ मशीन बसवून दीड लिटर पिण्यापेक्षा पिण्यायोग्य बोअरचं तीन लिटर पिणं चांगलं.

पडताळणी: लघवी फिकट, जवळपास पाण्यासारखी दिसली पाहिजे. सकाळची पहिली थोडी पिवळी चालेल. बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर रंग पिवळाच दिसणार, तेव्हा फक्त मापावर विश्वास ठेवा.

सावधान: हृदय कमकुवत असेल, मूत्रपिंड निकामी होत असेल, पायांवर सूज असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेबाहेर पाणी पिऊ नका. निरोगी माणसानेही तासाला लिटरपेक्षा जास्त पिण्याची शर्यत लावू नये. रक्तातलं सोडियम घसरतं.

## ६. मीठ: पुडीचा हिशोब करा

मूत्रपिंड मीठ बाहेर टाकताना सोबत कॅल्शियमही सोडतं. जेवणातलं मीठ वाढलं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं. दूध बंद करून लोणचं-पापड सुरू ठेवणारा माणूस नेमकं उलटं करत असतो.

'आम्ही मीठ कमीच खातो' असं प्रत्येक घर म्हणतं. हिशोब सोपा आहे. चार जणांच्या घरात एक किलोची मिठाची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमहून जास्त झालं. त्यात वडापाव, फरसाण, बेकरीची खारी, विकतचा पापड आणि हॉटेलचं जेवण धरलेलंच नाही. हवं आहे साधारण पाच ग्रॅम, सगळं मिळून. म्हणजे चौघांना महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम. पुढच्या पुडीवर फोडल्याची तारीख पेनाने लिहा; महिनाभरात खरं काय ते कळेल.

कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी बंद करा, त्याची सवय दोन आठवड्यांत होते. ताटात वरून मीठ घेणं बंद. भाजी-आमटीतलं सगळ्यांत शेवटी कमी करा, कारण तिथे घरातले सगळे ओरडतात. सैंधव किंवा काळं मीठ घेऊन काही साधत नाही, तेही सोडियमच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाची काही औषधं असतील तर विचारल्याशिवाय नको.

पडताळणी: चोवीस तासांच्या लघवीत १०० मिलिमोल सोडियम म्हणजे सुमारे सहा ग्रॅम मीठ. रिपोर्टमध्ये २०० आलं तर जेवणात काय चाललंय ते कागदावर उतरलेलं आहे, वाद घालायचं कारण नाही.

## ७. दूध बंद करू नका

खडा कॅल्शियमचा म्हणून कॅल्शियम बंद, हे तर्काला पटतं आणि तरीही चूक आहे. आतड्यात कॅल्शियम असलं की ते जेवणातल्या ऑक्झलेटला तिथेच पकडतं आणि दोघंही शौचावाटे जातात. कॅल्शियम कमी पडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं.

इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी हे तपासलं. लघवीत जास्त कॅल्शियम जाणाऱ्या आणि वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचं जेवण दिलं; उरलेल्यांना नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या साठांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या साठांपैकी १२ जणांना. हे २००२ साली प्रसिद्ध झालं, आणि तरीही आजही खडा झाला की पहिलं दूध तोडलं जातं.

दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम जेवणातून हवं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम असतं. दही जवळपास तेवढंच. दोन वेळच्या जेवणात एकेक वाटी दही किंवा घट्ट ताक आणि एक पेला दूध, एवढ्याने निम्मं भागतं. महत्त्वाचं म्हणजे ते जेवणासोबत घ्या, रात्री अकराला एकटं नको.

कॅल्शियमच्या गोळ्यांचं वेगळं आहे. हाडांसाठी लिहून दिल्या असतील तर स्वतःहून बंद करू नका. जेवणाबरोबर घ्यायच्या का, ते विचारा. उपाशीपोटी घेतलेली गोळी ऑक्झलेट पकडत नाही, नुसतं लघवीतलं कॅल्शियम वाढवते. आणि मोबाइलवर फिरणारा रोज गव्हाएवढा चुना खाण्याचा सल्ला खडे होणाऱ्यांनी तरी मनावर घेऊ नये.

## ८. ऑक्झलेट: थोड्याच गोष्टी, पण नेमक्या

हा टप्पा फक्त कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांसाठी. टोमॅटोत ऑक्झलेट नगण्य आहे. बियांचे खडे होत नाहीत. पालकात मात्र दर १०० ग्रॅमला शेकडो मिलिग्रॅम असतं. लक्ष ठेवायची नावं मोजकी: पालक, चुका, अळू, चाकवत, राजगिरा, बीट, बदाम, काजू, शेंगदाणे, तीळ, चॉकलेट.

सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे सकाळी फिरायला गेल्यावर बागेबाहेर मिळणारा पालक-बीटचा रस. कच्चा, एका वेळी जुडीभर आणि उपाशीपोटी, सोबत कॅल्शियम काहीच नाही. भाजी म्हणून वाटीभर पालक कधीमधी खाणं आणि रोज हा रस पिणं यांत फार अंतर आहे.

पालेभाजी उकळून पाणी टाकून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं जातं. मग ती ताकात करा. ताकातला चाकवत किंवा ताकातली पालक ही आपल्या स्वयंपाकातली युक्ती इथे चपखल बसते. अळूच्या फतफत्यात दाण्यांऐवजी हरभऱ्याची डाळ वाढवा.

उपवास हा आपल्याकडचा लपलेला धोका. एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि खातो काय तर दाण्याचं कूट घातलेली खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी, खारे वेफर्स. सोबत पाणी कमी. श्रावणात किंवा नवरात्रात सलग असे दिवस गेले की खडे होणाऱ्यांनी सावध राहावं. उपवास करायचाच तर वरी, दूध, दही, फळं यांवर करा आणि पाणी सोडू नका. निर्जळी उपवास नको. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनी इफ्तारपासून सहरीपर्यंत पाण्याचं वेळापत्रकच करावं, आणि वारंवार खडे होत असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

दूध घातलेला दोन-तीन कप चहा चालतो. त्यापायी स्वतःला छळू नका.

## ९. मांस, साखर आणि लिंबू

मटण, चिकन, मासे, अंडी यांचं प्रमाण वाढलं की लघवी आम्लधर्मी होते, युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि खड्यांना अटकाव करणारं सायट्रेट घटतं. शाकाहारी व्हायची गरज नाही. एका वेळी तळहाताएवढा तुकडा, आणि रोज दोन्ही वेळा नको. युरिक अ‍ॅसिडचा खडा असेल तर कलेजी, तारली, बांगडा, कोळंबी आणखी कमी करा. जिमच्या व्हे पावडरीही यात धरा. डाळी आणि उसळी मात्र बंद करू नका. तो सल्ला चुकीचा आहे.

गोड शीतपेयं टाळा. उसाच्या रसाने खडा विरघळत नाही, साखर तेवढी जाते. बिअरने लघवी वाढते म्हणून ती औषध होत नाही. युरिक अ‍ॅसिडच्या खड्यात ती उलटते.

सायट्रेटसाठी दिवसाला दोन लिंबांचा रस, दिवसभराच्या पाण्यात पिळून. आपलं लिंबूसरबत इथे चालत नाही, कारण त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतात. दात आंबत असतील तर नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. मोसंबी, संत्रं, नारळपाणी चांगलं. फक्त पोटॅशियम वाढलेलं असेल तर नारळपाणी नको.

कुळीथ, पानफुटी, गोखरू: कुळथाची पिठी किंवा कढण अन्न म्हणून उत्तम आहे, खुशाल खा, त्यातलं पाणीही कामाचं. पण तयार झालेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळवणारा पदार्थ अजून कुणाकडे नाही. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे काहीही न घेता पडतात, आणि श्रेय त्या आठवड्यात जे प्यायलं त्याला मिळतं. काढे घेत अडकलेला खडा महिनोन्महिने सोसणं हा मात्र खरा धोका. दुखणं थांबतं आणि मूत्रपिंड गुपचूप खराब होत राहतं.

## १०. औषधं जातीनुसार, ऐकीव माहितीवर नाही

युरिक अ‍ॅसिड: हा एकच नेहमीचा खडा औषधाने विरघळू शकतो. लघवीचा पीएच ५.५ च्या खाली असतो, तो पोटॅशियम सायट्रेटने ६.५ च्या आसपास आणायचा. इथे पहिलं औषध हेच, शरीरात युरिक अ‍ॅसिड कमी बनवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल नव्हे. पीएच मोजायच्या पट्ट्या मिळतात. वेगवेगळ्या वेळी मोजून वहीत लिहा.

कॅल्शियम ऑक्झलेट: सायट्रेट कमी असेल तर पोटॅशियम सायट्रेट. लघवीत कॅल्शियम फार जात असेल तर थायझाइड गटातलं औषध डॉक्टर विचारात घेतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइडने पुन्हा होणारे खडे फारसे कमी झाले नाहीत, त्यामुळे सरसकट सगळ्यांना ते देण्यात अर्थ नाही. मीठ कमी न करता घेतलं तर फायदा आणखी घटतो.

कॅल्शियम फॉस्फेट: लघवी आधीच अल्कधर्मी असते. पीएच आणखी चढवला तर खडे वाढू शकतात.

स्ट्रुव्हाइट: शेवटचा कणही काढावा लागतो, कारण जंतू खड्याच्या आत राहतात. नंतर कल्चर करत राहायचं.

सिस्टीन: लघवी तीन लिटरच्या पुढे, आणि तज्ज्ञांकडेच उपचार. भावंडांचीही तपासणी.

सावधान: लघवीची आग कमी करणारं सिरप औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्महिने पिणं आपल्याकडे सर्रास चालतं. त्यातल्या बऱ्याच सिरपमध्ये सोडियम असतं, म्हणजे पुन्हा मिठाचाच प्रश्न; आणि खडा फॉस्फेटचा किंवा जंतुसंसर्गाचा असेल तर ते उलटं पडतं. पोटॅशियम सायट्रेटही क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासल्याशिवाय घेऊ नये. त्याच्या गोळीचं रिकामं आवरण शौचात दिसलं तर घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.

## ११. पुन्हा मोजणं

बदल सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी, फार तर सहा महिन्यांच्या आत, चोवीस तासांची लघवी पुन्हा करा. पहिल्या रिपोर्टशेजारी ठेवून चार आकडे पाहा: एकूण लघवी, सोडियम, कॅल्शियम, सायट्रेट. लघवी वाढली पण सोडियम तिथेच, तर पुढचे दोन महिने फक्त मिठावर काम करा. सगळं एकदम बदलायला गेलं की काहीच टिकत नाही. त्यानंतर आकडे ठीक असतील तर वर्षातून एकदा पुरे.

सोनोग्राफी सहा महिन्यांनी, मग वर्षाला एक, शक्यतो त्याच ठिकाणी. ती काहीच दुखत नसताना करायची असते. दुखत नाही म्हणून बरेच जण फॉलोअप सोडतात, तेव्हा पुढची तारीख सोनोग्राफी झाली त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.